उतारवयातला स्तनाचा कर्करोग आणि रेडिएशन: खान्देशातल्या घरांतून येणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या पेशंटच्या घरून जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. बहुतेक वेळा मुलगा किंवा जावई विचारतो आणि आजी बाहेर बाकावर पिशवी धरून बसलेल्या असतात. जमलं तर हे त्यांना वाचून दाखवा. ही माहिती सर्वसाधारण आहे. तुमच्या घरच्या पेशंटचा निर्णय तिचे रिपोर्ट पाहूनच होईल.

आईचं वय ७२ आहे. या वयात तिला रेडिएशन झेपेल का?

बहुतेक जणींना झेपतं. स्तनाच्या रेडिएशनला भूल लागत नाही, ॲडमिट व्हावं लागत नाही, आणि केमोत होतात तशा उलट्या किंवा पांढऱ्या पेशी घसरणं इथे सहसा होत नाही. ऑपरेशन सोसलेल्या बाईला रेडिएशन सोसत नाही, असं फार क्वचित घडतं.

खरं पाहायचं असतं ते जन्मसालापेक्षा तब्येतीकडे. दर चैत्रात सप्तशृंगीच्या गडावर पायी जाणारी पंचाहत्तरीची बाई आणि पासष्टीतच दम्याने खाटेला खिळलेली बाई यांना एकाच मापाने मोजता येत नाही. म्हणून चांगला डॉक्टर असले प्रश्न विचारतो: गेल्या तीन महिन्यांत वजन घटलं का, जेवण कमी झालं का, एकटीने बाहेर जाऊन येता का, रोजच्या गोळ्या किती, विसरायला होतं का, तुमच्या वयाच्या इतर बायकांच्या मानाने तुम्हाला तुमची तब्येत कशी वाटते. वयस्कर कर्करोग-रुग्णांसाठी जी-८ नावाची छोटी चाचणी आहे, त्यात हेच असतं. १७ पैकी १४ किंवा त्याहून कमी गुण आले, तर उपचार ठरवण्याआधी सगळी तब्येत नीट तपासून घ्यावी असा त्याचा अर्थ. उपचार बंद, असा नाही.

रेडिएशनमध्ये भाजतं का? आमच्याकडे 'शेक द्यायचा' म्हणतात.

देताना काहीच कळत नाही. एक्स-रे काढताना जेवढं कळतं तेवढंच. टेबलावर झोपायचं, मशीन आजूबाजूला फिरतं, थोडा आवाज होतो. खोलीत पाच ते पंधरा मिनिटं जातात आणि त्यातला बराच वेळ नीट झोपवण्यातच जातो. त्या वेळी खोलीत दुसरं कोणी थांबत नाही, पण बाहेरून कॅमेऱ्यात दिसतं आणि माइकवरून बोलता येतं. एकटं राहायची सवय नसलेल्या आजीला हे आधी सांगून ठेवा. बऱ्याच जणींना किरणांपेक्षा त्या बंद दाराचीच भीती वाटते.

नुसती गाठ काढली, स्तन वाचवला. रिपोर्ट चांगला आला. मग रेडिएशन टाळता येईल का?

काही जणींना येतं. कोणाला येतं आणि टाळल्यावर काय होतं, दोन्ही समजून घ्यायला हवं.

गाठ काढून स्तन ठेवला की उरलेल्या स्तनाला रेडिएशन द्यायचं, हा जुना नियम आहे आणि त्याला पक्का आधार आहे. सगळ्या वयांच्या हजारो स्त्रियांच्या अभ्यासांचा एकत्रित हिशेब २०११ साली आला. त्यात रेडिएशनमुळे आजार परतण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं आणि स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक षष्ठांशाने घटले.

पण म्हातारपणीच्या बऱ्याच गाठी संथ असतात. म्हणून अमेरिकेत १९९४ ते १९९९ या काळात ७० वर्षांवरच्या ६३६ स्त्रियांचा वेगळा अभ्यास झाला. गाठ २ सेंमीपर्यंतची, हार्मोनला प्रतिसाद देणारी, काखेत तपासताना गाठी न लागलेल्या अशा या सगळ्या जणी. सर्वांना टॅमोक्सिफेन ही हार्मोन रोखणारी गोळी दिली, आणि त्यांपैकी निम्म्यांना रेडिएशनही दिलं. दहा वर्षांनी पाहिलं तर रेडिएशन घेतलेल्या शंभरातल्या साधारण दोघींना त्याच बाजूला आजार परतला होता, न घेतलेल्या शंभरातल्या दहा जणींना. जगण्यात मात्र फरक नव्हता. या काळात ज्या गेल्या त्यांतल्या फार थोड्या स्तनाच्या कर्करोगाने गेल्या. बाकीच्या उतारवयातल्या इतर आजारांनी.

नंतर प्राइम-टू नावाचा अभ्यास झाला. ६५ वर्षांवरच्या १३२६ स्त्रिया, गाठ ३ सेंमीपर्यंत, काखेत आजार नाही, काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ, हार्मोनच्या गोळ्या चालू. त्याचे दहा वर्षांचे निकाल २०२३ साली छापून आले. रेडिएशनशिवाय ९.५ टक्के जणींना त्याच स्तनात आजार परतला, रेडिएशन घेतलेल्यांत ०.९ टक्के. दहा वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास ८१ टक्के.

म्हणजे अशा संथ गाठीत रेडिएशनने आयुष्य वाढलेलं दिसत नाही, पण स्तनात गाठ परत येण्याची शक्यता बरीच कमी होते. गाठ परत आली तर पुन्हा ऑपरेशन, बहुधा पूर्ण स्तन काढायचं. कोणी म्हणेल, शंभरातल्या नव्वद जणींना नाही ना परत येत, मग मी गोळ्यांवर राहीन. कोणी म्हणेल, पुन्हा चिरफाड नको बाबा, काय द्यायचं ते आत्ताच द्या. दोघींचंही बरोबर आहे. म्हणूनच हा प्रश्न मुलाने परस्पर सोडवण्यासारखा नाही.

आमच्या पेशंटला ही सूट लागू आहे का, हे रिपोर्टमध्ये कुठे पाहायचं?

ऑपरेशननंतर आठ-दहा दिवसांनी मिळतो तो मोठा पॅथॉलॉजी रिपोर्ट आणि त्यासोबतचा आयएचसी रिपोर्ट (गाठीच्या पेशींवर कोणत्या खुणा आहेत ते सांगणारा), दोन्ही काढून ठेवा. डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. लहान गावातल्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालेल्या बऱ्याच बायकांकडे नेमके हेच दोन कागद नसतात, आणि मग डॉक्टरकडे पूर्ण रेडिएशन देण्याशिवाय पर्याय राहत नाही.

ईआर (गाठ हार्मोनला प्रतिसाद देते याची खूण) जोरदार पॉझिटिव्ह हवा. नुसता नावाला पॉझिटिव्ह असेल तर सूट घेऊ नये, कारण प्राइम-टूमध्ये अशा स्त्रियांत आजार जास्त परतला. हर-टू (गाठ वेगाने वाढवणारं प्रथिन) निगेटिव्ह हवा. गाठ लहान, ग्रेड (पेशी किती आक्रमक दिसतात ते) फार वरची नाही, कडा मोकळ्या, काखेतल्या गाठींत (सगळ्यांनाच असणाऱ्या लसीका ग्रंथींत) आजार नाही. ट्रिपल निगेटिव्ह (हार्मोनच्या दोन्ही खुणा आणि हर-टू, तिन्ही निगेटिव्ह) किंवा हर-टू पॉझिटिव्ह आजारात, किंवा काखेत आजार पोचला असेल तर, 'वय झालं' या एका कारणावर रेडिएशन सोडणं चूक आहे. तिथे आजार म्हातारीला सवलत देत नाही.

खरं तर आपल्याकडे गडबड उलट दिशेलाही होते. परदेशातला अभ्यास ऐकून कोणी सांगतं की सत्तरीनंतर रेडिएशन लागतच नाही. पण तिकडच्या बहुतेक गाठी मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेत, सापडलेल्या, शेंगदाण्याएवढ्या. आपल्याकडे आजी गाठ दाखवते तेव्हा ती लिंबाएवढी झालेली असते.

आणि रेडिएशन घेतलं, पण पाच वर्षं गोळ्या नकोत, असं चालेल का?

चांगला प्रश्न आहे आणि यावर आत्ता काम चालू आहे. युरोपा नावाच्या अभ्यासात सत्तरीपुढच्या, कमी धोक्याच्या स्त्रियांपैकी काहींना फक्त रेडिएशन आणि काहींना फक्त गोळ्या दिल्या. दोन वर्षांनी रेडिएशनवाल्या जणींचं रोजचं जगणं गोळ्यावाल्यांपेक्षा बरं होतं. आजार परतण्याबद्दलचे लांबचे निकाल यायचे आहेत, त्यामुळे आज सरसकट सल्ला द्यावा असं नाही.

पण व्यवहाराचा मुद्दा आजच लक्षात ठेवण्यासारखा आहे. रेडिएशन टाळणाऱ्या अभ्यासांतल्या बायका गोळ्या घेत होत्या. लेट्रोझोल किंवा ॲनास्ट्रोझोल या हार्मोनच्या गोळ्यांनी सांधे आखडतात, हाडं ठिसूळ होतात. टॅमोक्सिफेनने क्वचित पायात रक्ताची गुठळी होते किंवा पाळी गेल्यावरही अंगावरून जातं. मग सहा महिन्यांनी आजी गोळी बंद करतात आणि घरात कोणाला सांगतही नाहीत. आधीच गुडघ्यांनी हैराण असलेल्या, रोजच्या सात-आठ गोळ्यांना वैतागलेल्या बाईने 'रेडिएशन नको, गोळी घेईन' म्हटलं, तर ती गोळी पाच वर्षं खरंच घेतली जाईल का, याचा आधी विचार करा. मला विचाराल तर अशा बाईला पाच दिवसांचं रेडिएशन (त्याबद्दल पुढे आहे) जास्त खात्रीचं.

पूर्ण स्तन काढून टाकला. आता शेक कशासाठी?

गाठ लहान होती आणि काखेत आजार नव्हता, तर बहुतेक वेळा लागत नाही. गाठ ५ सेंमीपेक्षा मोठी, कातडीपर्यंत किंवा छातीच्या भिंतीपर्यंत गेलेली, किंवा काखेतल्या चार अथवा जास्त गाठींत आजार असेल, तर वय कितीही असो, छातीच्या भिंतीला आणि गळ्याच्या हाडाजवळ रेडिएशन द्यावं लागतं. एक ते तीन गाठी असतील तर मधला पट्टा. सुप्रीमो नावाच्या अभ्यासात अशा मधल्या धोक्याच्या स्त्रियांना छातीच्या भिंतीवर रेडिएशन देऊन दहा वर्षांनी जगण्यात फायदा दिसला नाही, म्हणून इथे वय, ग्रेड आणि तब्येत पाहून ठरवतात.

एक खाचखळगा आहे. ऑपरेशनआधी केमो दिली असेल, तर गाठ आटलेली असते आणि शेवटचा रिपोर्ट छान दिसतो. तरी निर्णय घेताना केमोआधीची स्थितीही पाहतात. तेव्हाची सोनोग्राफी, मॅमोग्राफी टाकून देऊ नका.

किती दिवस लागतात?

आमच्या आधीच्या पिढीच्या डॉक्टरांनी पाच आठवडे, २५ दिवस दिलं. आता १५ दिवसांत ४० ग्रे (ग्रे हे रेडिएशनच्या डोसचं माप), म्हणजे सोमवार ते शुक्रवार असे तीन आठवडे, ही नेहमीची पद्धत आहे. इंग्लंडमधल्या फास्ट-फॉरवर्ड या ४०९६ रुग्णांच्या अभ्यासात पाच दिवसांत २६ ग्रे दिले. पाच वर्षांनी आजार परतण्याचं प्रमाण १.४ टक्के होतं, १५ दिवसवाल्यांत २.१ टक्के. म्हणजे एका आठवड्याचा उपचार कुठेही कमी पडला नाही. हे निकाल २०२० साली आले आणि तेव्हापासून अनेक केंद्रं हे वेळापत्रक वापरतात.

प्रवास ज्याला जड जातो त्याच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. अक्कलकुवा किंवा धडगावच्या बाईला तीन आठवडे शहरात राहायला सांगणं आणि पाच दिवस राहायला सांगणं यात, ती उपचार पूर्ण करेल की सोडेल, एवढा फरक पडतो. म्हणून स्पष्ट विचारा: 'डॉक्टर, पाच दिवसांचं चालेल का?' काखेला आणि गळ्याच्या हाडाजवळही द्यायचं असेल तर बरीच केंद्रं १५ दिवसच देतात. काही ठिकाणी अशक्त बाईला आठवड्यातून एकदा, असं पाच आठवडे देतात. गाठीच्या जागेला वरून दिला जाणारा जादाचा डोस, ज्याला बूस्ट म्हणतात, साठीनंतर त्याचा फायदा कमी होत जातो. तो खरंच हवा का, हेही विचारायला हरकत नाही.

पहिल्या दिवशी काय करतात?

पहिल्या दिवशी रेडिएशन देत नाहीत, मोजमाप घेतात. हात डोक्यावर घेऊन सीटी स्कॅन होतो आणि अंगावर शाईच्या खुणा किंवा बारीक कायमचे ठिपके करतात. ज्या आजींच्या हातावर, कपाळावर गोंदण आहे त्यांना या ठिपक्यांचं काही वाटत नाही. सुनाच जास्त घाबरतात. शाईच्या खुणा असतील तर त्या घासून काढायच्या नाहीत. फिकट झाल्या तर स्वतः पेनाने गिरवायच्याही नाहीत.

अडचण येते ती हाताची. ऑपरेशननंतर खांदा आखडतो आणि हात डोक्यावर जात नाही, मग मोजमाप पुढे ढकलावं लागतं. टाके निघाल्याबरोबर व्यायाम सुरू करा: भिंतीवर बोटं चढवत नेणं, चांगल्या हाताने दुसरा हात वर उचलणं. पाठीला बाक असेल, सपाट झोपवत नसेल, झोपल्यावर खोकला येत असेल, तर त्याच दिवशी सांगा. उशा आणि पाचरी लावून मार्ग काढता येतो.

डाव्या बाजूला आजार आहे आणि आईला हृदयाचा त्रास. धोका किती?

हृदयाला जेवढा डोस जाईल तेवढा धोका वाढतो, आणि आधीच बीपी, शुगर, अँजिओप्लास्टी असेल तर तो जास्त महत्त्वाचा ठरतो. २०१३ साली आलेल्या एका मोठ्या अभ्यासात हृदयाला बसणाऱ्या सरासरी डोसच्या दर एका ग्रेमागे हार्ट ॲटॅकसारख्या घटना ७.४ टक्क्यांनी वाढलेल्या दिसल्या. हे प्रमाण मूळ धोक्याच्या मानाने आहे. ज्या बाईचा मूळ धोका कमी तिच्यात वाढही थोडी.

उपाय आहे. खोल श्वास घेऊन वीसेक सेकंद धरून ठेवला की फुप्फुस फुगतं, हृदय छातीच्या भिंतीपासून दूर सरकतं आणि तेवढ्यात किरण देतात. यासाठी श्वास धरता यायला हवा आणि माइकवरची सूचना ऐकू यायला हवी. कानाचं मशीन घरी ठेवून येऊ नका. दमेकरी बाईला हे जमत नाही, तेव्हा किरणांचे कोन बदलून किंवा फक्त गाठीच्या भागाला रेडिएशन देऊन हृदय वाचवतात. कोबाल्ट या जुन्या प्रकारच्या मशीनवरही उपचार होतो आणि भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेल्या भाभाट्रॉनने देशात पुष्कळ जणांना आधार दिला आहे. पण डावी बाजू आणि कमजोर हृदय असेल तर शक्यतो लिनॅक (विजेवर किरण तयार करणारं मशीन) असलेलं केंद्र गाठा.

पेसमेकर असेल तर त्याचं कार्ड सोबत आणा. पेसमेकर असल्याने रेडिएशन बंद होत नाही, पण तो किरणांच्या वाटेत येता कामा नये आणि मध्ये तपासावा लागतो. पूर्वी छातीला कधी रेडिएशन झालं असेल, किंवा ल्यूपस, स्क्लेरोडर्मासारखा कातडी-सांध्यांचा आजार असेल, तर तेही आधीच सांगा.

एप्रिल-मेमध्ये चालू करायचं आहे. भुसावळच्या उन्हात कातडी सोलून निघेल ना?

ऊन आणि किरणं यांचा थेट संबंध नाही, पण घामाचा आहे. रेडिएशनने कातडी लाल होते, काळवंडते, खाजते. स्तनाखालच्या घडीत आणि काखेत, जिथे कातडीला कातडी लागते, तिथे घामाने ती ओली राहून सोलते आणि शुगर असलेल्या बायकांना तिथे बुरशी धरते. पारा ४४-४५ वर गेला की हे लवकर होतं. त्यासाठी उपचार मात्र पावसाळ्यापर्यंत लांबवू नका. केमो नसेल तर ऑपरेशननंतर साधारण दोन-तीन महिन्यांच्या आत रेडिएशन सुरू व्हावं.

आंघोळ रोज करा, कोमट किंवा साध्या पाण्याने. चोळायचं नाही, टिपून कोरडं करायचं. घट्ट पोलकं, झंपर काही दिवस बाजूला ठेवा. मुलाचा जुना सुती सदरा सगळ्यात बरा. घडीत मऊ सुती कापड ठेवा. हळद, कडुलिंबाचा लेप, बाम, गरम पाण्याची पिशवी यातलं काहीही त्या जागेवर नको. घरगुती उपायांची चेष्टा करायची नाही, पण सोललेल्या कातडीवर लावलेली हळद नंतर धुऊन काढताना जे होतं ते बघवत नाही. साधं बिनवासाचं मलम डॉक्टर सांगतील ते लावा. दुपारी बाहेर पडावं लागलं तर ती बाजू पदराने झाकलेली असू द्या.

पाच दिवसांच्या उपचारात एक फसगत होते. उपचार संपेपर्यंत कातडी छान असते, आणि घरी गेल्यावर आठ-पंधरा दिवसांनी लाली वाढते. ते ठरल्याप्रमाणेच आहे. पाणी सुटलं, पू दिसला किंवा ताप आला तर मात्र फोन करा.

डोक्याचे केस जातील? नातवंडांना जवळ घेता येईल?

केस जात नाहीत, किरणं छातीलाच दिलेली असतात. नातवंडांना जवळ घ्या, एका ताटात जेवा, एकाच खोलीत झोपा. बाहेरून दिलेलं रेडिएशन अंगात साठून राहत नाही आणि हा आजार कोणाला लागत नाही. वेगळं ताट-तांब्या ठेवणारी घरं अजूनही आहेत. ते लगेच थांबवा.

थकवा मात्र येतो, बहुधा शेवटच्या दिवसांत आणि नंतरचे काही आठवडे. काही जणींना स्तन जड लागतो, टोचल्यासारखं होतं. पुढे कधी तो थोडा घट्ट होतो. फुप्फुसाला सूज येऊन खोकला, धाप लागणं हे क्वचित, तीन-चार महिन्यांनीही होऊ शकतं. तेव्हा गावातल्या डॉक्टरला रेडिएशन झाल्याचं आवर्जून सांगा, नाहीतर टीबी समजून औषधं सुरू होतात.

पथ्य काय?

काही नाही. कळण्याची भाकरी, भरीत, शेवभाजी, सोसत असेल ते सगळं चालतं. वजन घटू द्यायचं नाही, म्हणून डाळ, दूध, अंडी वाढवा. शुगर असेल तर उपचाराच्या दिवसांत कडक उपास नकोत. भस्मं आणि 'ताकदीच्या' पुड्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नकोत.

कापूस वेचायला कधी जाऊ?

असं विचारणारी आजी बहुधा लवकर बरी होते! चालणं, घरातलं काम पहिल्या दिवसापासून चालू ठेवा, त्याने थकवा कमी राहतो. वेचणीला कातडी पूर्ण बरी झाल्यावर जा. काखेतल्या गाठी काढल्या असतील, आणि वर रेडिएशनही झालं असेल, तर त्या हाताला सूज येण्याचा धोका कायम राहतो. वाळलेल्या बोंडाच्या टोकांनी हात ओरखडतो आणि तिथून जंतू शिरले की हात लाल होऊन सुजतो. लांब बाह्यांचा सदरा आणि हातमोजे घाला, ओरखडे धुऊन घ्या. हात जड लागला, बांगडी घट्ट झाली तर थांबू नका, लगेच दाखवा.

उपचार कुठे घ्यायचा? राहायचं कुठे?

आधी जवळ पाहा. जळगाव, धुळ्यात तुमच्या योजनेत बसणारी मशीनची सोय आत्ता कुठे चालू आहे, हे जिल्हा रुग्णालयात किंवा ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडे विचारा. नाहीतर नाशिक, आणि छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय. नंदुरबार, नवापूरच्या लोकांना रेल्वेने सुरत सोयीचं, शिरपूर, चोपड्याकडच्यांना इंदूर. मुंबईला टाटा रुग्णालयात गेलात तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती इथे रुग्णांची राहायची व्यवस्था आहे, पण जागा मिळण्यात वेळ जातो.

माझं मत विचाराल तर, गुंतागुंत नसलेल्या रेडिएशनसाठी म्हातारीला मुंबईला हलवायची गरज नसते. सल्ला टाटाचा घ्या, उपचार घराजवळ घ्या. लेकीचं घर ज्या शहरात आहे तिथलं केंद्र हे बऱ्याचदा सगळ्यात चांगलं केंद्र.

एसटीत ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आहे आणि सर्व महिलांना अर्धं तिकीट. रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोग-रुग्णाला स्लीपर आणि थ्री-एसीमध्ये पूर्ण सवलत मिळते, सोबत्यालाही बरीच. त्यासाठी हॉस्पिटलच्या सही-शिक्क्याचा ठरावीक फॉर्म खिडकीवर द्यावा लागतो. हा फॉर्म पुष्कळांना माहीतच नसतो. मागून घ्या.

खर्चाचं काय?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत रेडिएशन बसतं. आता राज्यातल्या सर्व रेशनकार्डांना कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. ७० वर्षं पूर्ण झालेल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं. ऑक्टोबर २०२४ पासून ते सुरू झालं, त्यातही ५ लाख. सुरतेला किंवा इंदूरला जायचं असेल तर हे आयुष्मानचं कार्ड कामाला येतं, कारण ते परराज्यातल्या यादीतल्या हॉस्पिटलांतही चालतं. चौकशीचा नंबर १४५५५.

मंजुरी उपचाराआधी लागते. आधी पैसे भरून नंतर परत मिळत नाहीत. आधार आणि रेशनकार्डावरचं नाव, जन्मसाल जुळत नसेल तर तिथेच दिवस जातात. जुन्या बायकांचं जन्मसाल बहुतेकदा अंदाजानेच लिहिलेलं असतं. हॉस्पिटलात योजनेचं काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राला पहिल्याच भेटीत सगळे कागद दाखवा.

आईला 'कर्करोग' हे सांगितलेलं नाही. 'साधी गाठ' म्हटलंय. तुम्हीही सांगू नका.

ही विनंती रोज होते आणि ती प्रेमापोटीच असते. पण जिचा स्तन गेला, जिला कॅन्सरच्या पाटीखालून आत नेलं, तिला कळलेलं नसतं असं समजू नका. बहुतेक आजींना माहीत असतं आणि त्या मुलांसाठी गप्प राहतात. अशा घरात दोन्ही बाजू एकमेकांपासून लपवत बसतात आणि दुखतंय हे सांगायलाही कोणी उरत नाही.

वर पाहिलंत, रेडिएशन घ्यायचं की नाही यात बऱ्याचदा दोन्ही बाजू जवळपास सारख्या असतात. तिथे काय निवडायचं हे तिला काय जास्त नकोसं आहे यावर ठरतं: प्रवास, गोळ्या, की पुन्हा ऑपरेशनची टांगती भीती. हे तिच्याशिवाय कोणाला माहीत असणार? सगळी आकडेवारी सांगायची गरज नाही. ती विचारेल तेवढं खरं सांगायचं, अहिराणीत बोलते तर अहिराणीत सांगायचं. खोटं मात्र नाही. विसरभोळेपणा फार असेल, निर्णय घेता येत नसेल, तर घरच्यांनी ठरवावं, पण तेव्हाही तिला आयुष्यभर काय आवडलं, काय नको वाटलं, ते धरून.

आम्ही फार उशिरा आलो. गाठ फुटली आहे, वास येतो. आता रेडिएशनचा उपयोग आहे?

आहे. उद्देश वेगळा असतो. फुटलेल्या गाठीतून रक्त जाणं, पाणी वाहणं, वास येणं हे थोड्या दिवसांच्या रेडिएशनने पुष्कळ कमी होतं. आजार हाडांत गेला असेल आणि कंबर, मांडी दुखत असेल तर बहुतेक वेळा एकाच दिवशी दिलेला ८ ग्रेचा एक डोस दुखणं कमी करायला अनेक दिवसांच्या उपचाराइतकाच चालतो. गावाहून एकदाच यायचं. पाय अचानक लुळे पडले, लघवी अडली तर ती तातडी आहे, त्याच दिवशी निघा. ऑपरेशन झेपणार नाही अशा बाईला हार्मोनच्या गोळ्यांवरही गाठ आटलेली आणि बरीच वर्षं शांत राहिलेली आम्ही पाहतो.

सगळं समजावूनही आई नाही म्हणाली तर?

मग नाही. त्याने डॉक्टर रागावत नाहीत, आणि रागावले तर डॉक्टर बदला. नकारामागे काय आहे तेवढं मात्र विचारून पाहा. कधी ते भाडं असतं, कधी पुरुष टेक्निशियनसमोर छाती उघडी करायची लाज. दुसऱ्या गोष्टीवर उपाय अगदी सोपा आहे. बाई टेक्निशियन आहे का, चादर मिळेल का, हे विचारायचं.

रेडिएशन घेतलं नाही तरी गोळ्या चालू ठेवा. पहिली काही वर्षं दर चार-सहा महिन्यांनी दाखवा आणि स्तन ठेवला असेल तर वर्षातून एकदा दोन्ही बाजूंची मॅमोग्राफी करा. टाक्यांजवळ नवी गाठ, कातडीवर फोड, काखेत जडपणा, न थांबणारी कंबरदुखी किंवा कोरडा खोकला दिसला तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. येताना जुनी फाइल घेऊन या, आणि गोळ्यांची रिकामी पाकिटंही.